सामायिक माहितीसंग्रह आणि तुटणारी जोडणी

महिनाअखेरीची वेळ. एखाद्या पतसंस्थेच्या वा पाणीपुरवठा संस्थेच्या कार्यालयात चार-पाच संगणकांवर एकाच वेळी नोंदी चालू आहेत. एका खिडकीवर पावत्या फाडल्या जात आहेत, दुसरीकडे थकबाकीची यादी छापली जात आहे. तेवढ्यात एका पडद्यावर लहानशी चौकट उमटते : 'डिस्क ऑर नेटवर्क एरर'. चौकट बंद केली की पुन्हा तीच उमटते. अखेर संगणक बंद करून पुन्हा चालू केला जातो. तोवर शेजारच्या संगणकावर दुसराच संदेश आलेला असतो : फाईलचे स्वरूप ओळखता येत नाही. खिडकीपुढची रांग तशीच उभी राहते.

हा अनुभव जुन्या सामायिक संगणक प्रणाली वापरणाऱ्या असंख्य लहान कार्यालयांच्या परिचयाचा आहे. त्यावर नेहमी होणारा उपायही परिचयाचा आहे. तंत्रज्ञ येतो, केबल बदलतो, क्वचित स्विच बदलतो, आठ-दहा दिवस शांततेत जातात आणि अकराव्या दिवशी संदेश परत येतो. तोवर एखाद्या सभासदाने भरलेल्या हप्त्याची नोंद नाहीशी झालेली असते. त्याच्या हातात पावती असते, संगणकात मात्र थकबाकी दिसते. कर्मचारी पावतीवर विश्वास ठेवतात की पडद्यावर, हे त्या सभासदाच्या नशिबावर राहते. म्हणून या संदेशाकडे केवळ कामातील अडथळा म्हणून पाहून चालणार नाही. लोकांच्या हक्काच्या नोंदी ज्या फाईलमध्ये आहेत, त्या फाईलच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे.

या प्रणाली आल्या कोठून ?

वैयक्तिक संगणक कार्यालयांत आले त्या काळात माहितीसंग्रहाचे काम प्रथम डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो या प्रणालींनी केले. नव्वदीच्या दशकात आपल्याकडील संगणक प्रशिक्षण वर्गांतून फॉक्सप्रो शिकविले जात असे आणि ते शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनीच पगारपत्रके, सभासद नोंदणी, भांडार हिशेब असे कार्यक्रम लिहून दिले. १९९२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस बाजारात आले. चित्रमय पडदे, तयार अहवाल आणि सोपी रचना यांमुळे लहान कार्यालयांत त्याचा प्रसार वेगाने झाला. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि निर्मात्याचे साहाय्य जानेवारी २०१५ मध्ये संपले. ॲक्सेस आजही मिळते. तथापि, त्यात वीस वर्षांपूर्वी लिहिलेले अनेक कार्यक्रम मूळ लेखकाच्या पश्चात, कोणी हात न लावता, जसेच्या तसे चालू आहेत.

या जुन्या कार्यक्रमांची चेष्टा करण्याचे कारण नाही. कमी खर्चात आणि स्थानिक गरजेनुसार त्यांनी जे काम केले, ते अनेक महागड्या प्रणालींना साधले नाही. अडचण आहे ती त्यांच्या मूळ रचनेत. ती एकदा समजून घेतली की पडद्यावरच्या संदेशाचा अर्थ लागू लागतो.

नोंदवही आणि अभिलेखपाल

समजा, कार्यालयात एक मोठी नोंदवही आहे. ती सांभाळण्याच्या दोन पद्धती असू शकतात. पहिल्या पद्धतीत नोंदवही अभिलेखपालाच्या ताब्यात असते. कोणा कारकुनाला नोंद करावयाची असेल तर तो चिठ्ठी लिहून देतो. अभिलेखपाल चिठ्ठी वाचतो, नोंद स्वतः करतो आणि झाल्याचे कळवितो. चिठ्ठी वाटेत हरवली तर नोंद होत नाही, एवढेच. नोंदवहीला धक्का लागत नाही. आधुनिक सर्व्हर पद्धतीचे माहितीसंग्रह असे चालतात.

दुसऱ्या पद्धतीत अभिलेखपाल नाही. नोंदवही एका कपाटात आहे आणि प्रत्येक कारकून आपल्या जागेवरून लांब हात करून थेट तिच्या पानांवर लिहितो. कोणते पान कोण हाताळीत आहे, हे बाजूच्या एका कागदावर लिहावयाचे आणि एकमेकांचा मान राखावयाचा, एवढीच शिस्त. ॲक्सेस आणि फॉक्सप्रो यांची सामायिक फाईल या दुसऱ्या पद्धतीची आहे. फाईल ज्या संगणकावर ठेवलेली असते तो संगणक केवळ कपाट असतो. आतील मजकूर त्याला कळत नाही. हिशेब, शोध आणि लेखन हे सारे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या संगणकावर होते आणि फाईलचे तुकडे केबलवरून सतत ये-जा करीत असतात.

आता कारकून पानावर अर्धी ओळ लिहीत असताना त्याचा हात कोणी ओढला तर काय होईल ? अर्धी ओळ तशीच राहील. अनुक्रमणिकेत नोंद झाली, पण पान कोरे, किंवा पान लिहिले गेले, पण अनुक्रमणिकेत नाही, अशी अवस्था होईल. जोडणी क्षणभर तुटणे म्हणजे नेमके हेच. पत्रलेखनाचा कार्यक्रम वा इंटरनेटचे पान असा क्षणभराचा खंड सहज पचवितात. आपल्याला तो कळतही नाही. त्यामुळे "बाकी सर्व नीट चालते, म्हणजे नेटवर्कमध्ये दोष नाही" असा निष्कर्ष काढला जातो आणि तो बहुधा चुकीचा असतो. ॲक्सेसला तुटलेली जोडणी आपणहून पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच एकदा संदेश आल्यावर कार्यक्रम पूर्ण बंद करून नव्याने उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

ॲक्सेसच्या फाईलजवळ ती उघडी असताना त्याच नावाची, पण 'एलडीबी' अथवा नव्या आवृत्तीत 'एलएसीसीडीबी' या शेपटीची एक लहान फाईल दिसते. वर सांगितलेला बाजूचा कागद तो हाच. तीत उघडणाऱ्या प्रत्येक संगणकाचे नाव लिहिले जाते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप नाहीशी होते. शिवाय मुख्य फाईलच्या पहिल्या पानावर प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक खूण राखलेली असते. लेखन चालू असताना ती एका अवस्थेत असते, संपल्यावर दुसऱ्या. एखादा संगणक मध्येच निघून गेला आणि त्याची खूण "लेखन चालू" अशीच राहिली, तर पुढे उघडणाऱ्याला फाईल संशयास्पद असल्याचे कळते आणि दुरुस्तीची सूचना येते. या सूचनेचा अर्थ माहिती गेलीच असा नव्हे. कोणीतरी निरोप न घेता उठून गेले, एवढे मात्र निश्चित.

फॉक्सप्रोची गोष्ट थोडी निराळी. तेथे प्रत्येक तक्ता स्वतंत्र फाईल असतो आणि त्या फाईलच्या मस्तकावर एकूण नोंदींची संख्या लिहिलेली असते. नवी नोंद शेवटी जोडली जाते आणि मग मस्तकावरील संख्या वाढविली जाते. या दोन क्रियांच्या मध्ये वीज वा जोडणी गेली तर संख्या आणि प्रत्यक्ष नोंदी जुळत नाहीत. नंतरच्या आवृत्त्या अशा वेळी तक्ता उघडण्यासच नकार देतात. जुन्या आवृत्त्या निमूट उघडतात. शेवटची नोंद मात्र तेथे दिसत नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यात कोणी तक्रारच करीत नाही.

संदेश आल्यावर प्रथम काय करावे ?

पहिली गोष्ट दोष शोधणे ही नाही, फाईल वाचविणे ही आहे. सर्व कर्मचाऱ्यांना कार्यक्रमातून रीतसर बाहेर पडण्यास सांगावे. ज्याच्याकडे संदेश आला आहे त्यानेही शक्यतो कार्यक्रम नेहमीच्या मार्गाने बंद करावा, कळ दाबून यंत्र एकदम बंद करू नये. सर्वजण बाहेर पडल्यावर ती लहान कुलूप-फाईल नाहीशी झाली का, हे पाहावे. झाली नसेल तर कोणातरी संगणकावर कार्यक्रम अद्याप उघडा आहे, किंवा त्या कपाटात फाईल पुसण्याचा अधिकार सर्वांना दिलेला नाही. हा अधिकार देण्याचे अनेक ठिकाणी राहून जाते आणि त्यातून "फाईल आधीच वापरात आहे" अशा नसत्या तक्रारी निर्माण होतात.

त्यानंतर मुख्य फाईलची प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी, तारखेसह ठेवावी. ही प्रत बिघडलेली असली तरी काढावी. दुरुस्तीची क्रिया काही वेळा जे वाचणारे होते तेही टाकून देते आणि मग मागे वळण्यास जागा उरत नाही. दुरुस्ती जोडणीवरून कधीही करू नये. ज्या जोडणीने फाईल बिघडली त्याच जोडणीवरून ती दुरुस्त करणे हे गळक्या नळाखाली शाई वाळविण्यासारखे आहे. फाईल संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवर आणावी, तेथे 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही आज्ञा चालवावी आणि मग परत ठेवावी. त्याने काम झाले नाही तर नवीन रिकामी फाईल तयार करून तीत जुने तक्ते एकेक करून आणावेत. नव्वद टक्के माहिती शाबूत असलेली फाईलसुद्धा एका बिघडलेल्या तक्त्यामुळे उघडत नाही असे होऊ शकते.

व्यत्ययाची नोंदवही

दोष शोधण्याच्या कामी सर्वांत उपयुक्त साधन कोणते, असे विचारल्यास उत्तर कदाचित निराशाजनक वाटेल : दोन रुपयांचे पेन आणि एक वही. प्रत्येक संदेशाच्या वेळी दिनांक, वेळ, संगणक, कर्मचारी काय करीत होता आणि संदेशाचे शब्द जसेच्या तसे, एवढे लिहून ठेवावे. "एरर आला" असे लिहून उपयोग नाही. दोन-तीन आठवड्यांत वहीतून आकृतिबंध दिसू लागतो, आणि तंत्रज्ञाचे निम्मे काम तेथेच होते.

संदेश नेहमी एकाच संगणकावर येत असेल तर शोध त्या संगणकापासून स्विचपर्यंतच्या वाटेवर करावा. केबलचे टोक सैल असणे, टेबलाच्या पायाखाली केबल चिरडली जाणे, उंदराने कुरतडणे, कोकणातील दमट हवेत टोकांवर गंज चढणे, ही कारणे क्षुल्लक वाटली तरी वारंवार आढळतात. तांब्याच्या केबलची एका पल्ल्याची मर्यादा १०० मीटर आहे. जुन्या इमारतीत जिन्यावरून वळसे घेत नेलेली केबल ही मर्यादा नकळत ओलांडते. कधी संगणक आणि स्विच यांच्यातील वेगाचा करार जुळत नाही. एका बाजूला वेग हाताने ठरवून दिलेला आणि दुसरी बाजू आपोआप ठरविणारी असेल, तर एक बाजू दुहेरी वाहतूक गृहीत धरते आणि दुसरी एकेरी. जोडणी चालू दिसते, हलके काम होते, पण भार वाढला की तुकडे गळू लागतात. दोन्ही बाजू 'ऑटो'वर ठेवणे हा यावरचा सोपा उपाय.

संदेश जेवणाच्या सुट्टीनंतर येत असेल तर केबल बदलून काहीच साधणार नाही. अशा वेळी वीजबचतीची व्यवस्था तपासावी. काही काळ हालचाल न झाल्यास संगणक झोपी जातो, किंवा जोडणीचे कार्ड तेवढे बंद करतो. उघडा राहिलेला कार्यक्रम जागा झाल्यावर आपली जोडणी शोधतो, ती नसते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या कार्डाच्या गुणधर्मांत वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा दर्शविणारी खूण असते. ती काढावी आणि संगणकाची झोपही बंद करावी. याच संदर्भात एक गैरसमज दूर करणे योग्य होईल. विंडोजमध्ये सामायिक कपाटाच्या चित्रावर कधी लाल फुली दिसते. निष्क्रिय जोडणी साधारण १५ मिनिटांनी सोडून द्यावी असा मूळ नियम असल्यामुळे ती दिसते आणि कपाट उघडताच नाहीशी होते. ती दोषाचा पुरावा नव्हे.

सर्व संगणकांवर एकाच क्षणी संदेश येत असेल तर दोष सामायिक जागी आहे, म्हणजे स्विच, त्याचा वीजपुरवठा किंवा फाईल ठेवलेला संगणक. येथे आपल्याकडील परिस्थितीचा विचार करणे भाग आहे. पुष्कळ कार्यालयांत संगणकांना अखंड वीजपुरवठ्याचे यंत्र असते, मात्र भिंतीवर टांगलेला लहानसा स्विच थेट विजेच्या खोबणीत लावलेला असतो. पावसाळ्यात वीज डोळा मिटण्याइतका वेळ जाते. संगणक चालू राहतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. स्विच मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या वेळात सर्व लांब केलेले हात तुटतात. त्या स्विचची तार यूपीएसवर लावणे, हा बिनखर्चाचा उपाय कित्येक ठिकाणी पुरेसा ठरतो.

फाईल ठेवलेला संगणक हा अनेकदा सर्व्हर नसून कोणातरी कर्मचाऱ्याचा रोजचा संगणक असतो. साहेब निघाले, संगणक बंद केला, आणि शेजारच्या खोलीतील अहवाल अर्ध्यात तुटला, असे घडते. अशा साध्या विंडोजवर एकाच वेळी किती संगणकांनी जोडावे यालाही मर्यादा आहे. विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत ती १० होती, विंडोज १० मध्ये २० आहे. त्या यंत्राला दुसरे काम देऊ नये आणि त्याच्या कळीवर "बंद करू नये" अशी ठळक चिठ्ठी लावावी.

रोज एका ठराविक वेळेला व्यत्यय येत असेल तर त्या वेळी आपोआप काय सुरू होते हे पाहावे. विषाणुविरोधी कार्यक्रमाची तपासणी, राखीव प्रत काढणारा कार्यक्रम, किंवा अद्ययावतीकरण. उघड्या फाईलची काढलेली राखीव प्रत दुहेरी घातक असते : काम अडविते आणि ती प्रतही अर्धवट निघते. प्रत सर्वजण बाहेर पडल्यावरच काढावी. कपाट कोठे आहे, हेही महत्त्वाचे. अलीकडे सोय म्हणून ही फाईल इंटरनेटवरील साठ्याशी आपोआप जुळणाऱ्या कपाटात ठेवली जाते. असे जुळविणारे कार्यक्रम संपूर्ण फाईल उचलून नेतात. एकाच वेळी दोघांनी लिहिले की दोन निरनिराळ्या प्रती तयार होतात आणि मग खरी कोणती, हे कोणीच सांगू शकत नाही. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात घरून काम करताना पुष्कळांनी व्हीपीएनमार्गे ही फाईल थेट उघडण्याचा प्रयत्न केला. दूरच्या, मंद आणि अस्थिर जोडणीवर ही पद्धत चालत नाही. त्यापेक्षा कार्यालयातील संगणकाचाच पडदा दूरून वापरावा, म्हणजे फाईलची ये-जा कार्यालयातच राहते. बिनतारी जोडणीबाबतही हेच. भिंतीआड वायफायचा संकेत क्षणोक्षणी कमी-जास्त होतो. चित्रफीत पाहण्यास तो पुरतो, सामायिक फाईलवर लिहिण्यास पुरत नाही. लॅपटॉप असला तरी लेखन करणाऱ्याने केबल लावावी.

जोडणी खरोखर तुटते की नाही याची खात्री करण्यासाठी 'पिंग' ही आज्ञा आहे. ती अखंड चालू ठेवून एका खिडकीत दिवसभर उघडी ठेवता येते. उत्तर न आलेल्या ओळी आणि वहीतील वेळा जुळल्या तर तंत्रज्ञाशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. मात्र पिंग निर्दोष असूनही संदेश येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. एखाद्या विशिष्ट सभासदाची नोंद उघडली की नेहमी संदेश येतो, अन्यथा नाही, असे असेल तर जोडणी निरपराध आहे आणि फाईलचे ते पानच बिघडलेले आहे. फाईल २ गिगाबाइटच्या जवळ पोहोचली असेल तरीही विचित्र संदेश येतात. ॲक्सेसची कमाल मर्यादा तेवढीच आहे.

विंडोजमधील दोन बदल

काही कार्यालयांत वर्षानुवर्षे सुरळीत चालणारी प्रणाली नवे संगणक येताच बिघडली. त्याचा दोष नव्या यंत्रांवर वा जुन्या कार्यक्रमावर ढकलण्यापूर्वी दोन घटना माहीत असाव्यात.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. फाईल सामायिक करण्याच्या 'एसएमबी' या पद्धतीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील छिद्रातून तो पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये ही पहिली आवृत्ती मुळात बसविली जात नाही. विंडोज एक्सपी किंवा सर्व्हर २००३ यांना केवळ तीच आवृत्ती येते. साहजिकच नव्या संगणकाला जुने कपाट दिसेनासे होते. यावर काही जण जुनी आवृत्ती पुन्हा चालू करतात. तसे करू नये. फाईल नव्या विंडोजच्या संगणकावर हलवावी. जुन्या यंत्राला पेन्शन द्यावी.

दुसरी घटना अधिक गूढ. एप्रिल २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ क्रमांकाची आवृत्ती आली आणि त्यानंतर अनेक ठिकाणी ॲक्सेस आपली फाईल 'विसंगत अवस्थेत' असल्याचे सांगू लागले. केबल, स्विच, वीज, सारे ठीक. तरी फाईल दिवसातून दोनदा बिघडे. याचे मूळ 'लीज' नावाच्या सोयीत होते. कपाट सांभाळणारा संगणक एखाद्या कारकुनाला सांगतो, "सध्या हे पान दुसरे कोणी मागत नाही, तू आपल्या टेबलावर नेऊन वापर, मागणी आली की परत मागवीन." याने फेऱ्या वाचतात, काम वेगाने होते. पण दुसऱ्याची मागणी आल्यावर पान वेळेत आणि योग्य अवस्थेत परत आले नाही, तर दोघे दोन निराळ्या पानांवर लिहू लागतात. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य करून फाईल ठेवलेल्या संगणकावर लीजची सोय बंद करण्याचा मार्ग सुचविला. ही दुरुस्ती कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर नव्हे, कपाटाच्या संगणकावर करावयाची असते, आणि ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. तिच्यामुळे त्या यंत्रावरील इतर फाईली किंचित मंद उघडतात. एक्सपीच्या काळातील पुस्तकांत कुलूपपद्धती बंद करण्याचे जे उपाय दिलेले असत ते पहिल्या एसएमबीपुरते होते. आजच्या यंत्रांवर ते करून काही साधत नाही.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

फाईल उघडली, पडदे दिसू लागले, की सुटकेचा निःश्वास टाकून सर्वजण कामाला लागतात. वास्तविक सर्वांत महत्त्वाचे काम येथून सुरू होते. दुरुस्तीच्या वेळी काही अडचण आली असेल तर ॲक्सेस तिची नोंद एका स्वतंत्र तक्त्यात करून ठेवते. त्याच्या नावात 'कॉम्पॅक्ट एरर्स' हे शब्द असतात. तो तक्ता दिसला तर वाचावा, पुसून टाकू नये. बिघडलेल्या नोंदी काही वेळा चिनी लिपीसारख्या अक्षरांनी भरलेल्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे दुरुस्तीनंतर एखाद्या तक्त्याची प्रमुख अनुक्रमणिका गळून पडते. मग एकाच क्रमांकाचे दोन सभासद नोंदविले गेले तरी कार्यक्रम अडवीत नाही, आणि ही चूक कित्येक महिन्यांनी लेखापरीक्षणात उघड होते. अनुक्रमणिका आणि तक्त्यांमधील संबंध पूर्वीसारखे आहेत का, हे तपासल्याशिवाय फाईल कामाला देऊ नये.

नोंदींची पडताळणी कागदाशीच करावी लागते. त्या दिवसाच्या पावतीपुस्तकातील पहिला व शेवटचा क्रमांक, पावत्यांची संख्या आणि रोख जमा, ही तीन अंकांची तुलना पंधरा मिनिटांत होते. आदल्या दिवसाचीही करावी, कारण बिघाड संदेशाच्या आधीही झालेला असू शकतो. कागदी पावतीपुस्तक बंद करून सारे संगणकावर नेण्याची घाई जेथे झाली आहे, तेथे ही तुलना कशाशी करावयाची हा प्रश्नच उरतो. अशा ठिकाणी दर दिवशीच्या अखेरीस दिवसाच्या नोंदींची छापील यादी काढून तीवर सही घेणे, हा मार्ग व्यवहार्य आहे.

एक सूचना मराठी मजकुराबाबत. जुन्या प्रणालींत मराठी नावे बहुधा युनिकोडमध्ये नसून त्या काळच्या विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत साठविलेली असतात. पुण्यातील सी-डॅकची आयएसएम प्रणाली किंवा श्रीलिपी यांचा वापर त्या काळी सर्वत्र होता. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सभासदांची नावे निरर्थक रोमन चिन्हांसारखी दिसतात. ही फाईल बिघडल्याची खूण नव्हे. फॉन्ट बसविला की नावे परत येतात. अशी फाईल "बिघडली" म्हणून टाकून देऊन जुन्या प्रतीवर काम सुरू करणे म्हणजे मधल्या सर्व नोंदी हाताने घालविणे होय.

पुढील व्यवस्था

वरील उपायांनी व्यत्यय कमी होतात, पण लांब केलेला हात तसाच राहतो. त्यावर पहिली आणि बिनखर्चाची सुधारणा म्हणजे फाईलचे दोन भाग करणे. तक्ते तेवढे सामायिक कपाटात राहतात. पडदे, अहवाल आणि कार्यक्रम प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र प्रतीत राहतात. एकाच फाईलमधून सर्वांनी पडदे उघडण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी दिसते. ती तातडीने थांबविली पाहिजे. त्यासाठी ॲक्सेसमध्येच तयार सोय आहे.

दुसरी सुधारणा अभिलेखपाल नेमण्याची. एसक्यूएल सर्व्हरची 'एक्सप्रेस' आवृत्ती, पोस्टग्रेएसक्यूएल आणि मारियाडीबी हे सर्व्हर पद्धतीचे माहितीसंग्रह विनामूल्य मिळतात. तक्ते त्यांत हलविले तरी ॲक्सेसमधील जुने पडदे तसेच ठेवता येतात. कर्मचाऱ्यांना नवे काही शिकावे लागत नाही. जोडणी तुटली तर चालू असलेली एक नोंद अपुरी राहते आणि सर्व्हर ती पूर्णपणे रद्द करतो. बाकीची नोंदवही सुरक्षित असते.

हे स्थलांतर करताना जुनी माहिती आपले दोष दाखविते. ॲक्सेस इ. स. १०० पासूनची कोणतीही तारीख स्वीकारते. एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीखप्रकार १७५३ च्या मागे जात नाही. त्यामुळे २०१३ ऐवजी ०२१३ असे टंकलेले एखादे जन्मवर्ष संपूर्ण तक्ता अडवून धरते. अशा नोंदी आधी शोधून मूळ अर्जाशी ताडून दुरुस्त कराव्यात. 'होय-नाही' प्रकारचे रकाने नव्या जागी रिकामे राहू देऊ नयेत, प्रत्येकाला 'नाही' हे मूळ मूल्य द्यावे. ते राहून गेले तर एकटाच कर्मचारी काम करीत असतानाही "दुसऱ्या कोणी ही नोंद बदलली आहे" असा संदेश येतो, आणि पुन्हा केबल तपासण्यास प्रारंभ होतो. फॉन्टमधील मराठी मजकूर याच वेळी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि जोडाक्षरे व रफार यांची तपासणी यंत्रावर न सोपविता दोन माणसांनी यादी मोठ्याने वाचून करावी. जुनी फाईल पुढील लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत, केवळ वाचण्यापुरती, जपून ठेवावी.